निकोडीमसला वस्ती म्हणावं की गाव?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या निकोडीमस या चिमुकल्या ठिकाणावर लेख लिहितेय. सगळीकडे त्याला अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी म्हटलंय. मी “असंघटित समुदाय” लिहिलंय, पण ते कानाला खटकतं. वाडी, वस्ती, पाडा यांपैकी काही चालेल का? आणि घोस्ट टाउनला, म्हणजे माणसं सोडून गेलेल्या गावाला, काय म्हणू?’

खटकतं ते बरोबरच आहे. ‘असंघटित’ म्हटलं की आपल्याला कामगार आठवतात, आणि ‘समुदाय’ म्हणजे माणसं, जागा नव्हे. तिकडे कम्युनिटी हा शब्द माणसांना लागतो तसा ठिकाणालाही लागतो. मराठीत समुदायाला जाऊन मुक्काम करता येत नाही. मुळात त्या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच, की त्या ठिकाणाला स्वतःची नगरपालिका नाही, कारभार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि तिच्यातली टाउनशिप बघतात. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीतल्या छोट्या गावाची साधारण अशीच गत असते. म्हणून त्याला कुणी असंघटित म्हणत नाही, गावच म्हणतात. तुम्हीही ‘गाव’ लिहा. कायद्याचा तपशील हवाच असेल तर ‘स्वतःची नगरपालिका नसलेलं गाव’ असं एकदा लिहून पुढे जा.

वाडी-वस्तीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण या गावाच्या बाबतीत शब्द चुकला तर इतिहासच उलटा होतो.

निकोडीमस वसलं १८७७ मध्ये, कॅन्ससच्या वायव्य भागात, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ. गाव वसवण्यासाठी जी कंपनी काढली तिच्या सात जणांपैकी सहा कृष्णवर्णीय होते. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ; आणि एक गोरा, जमिनींचे व्यवहार करणारा डब्ल्यू. आर. हिल. यांनी केंटकी राज्यात पत्रकं वाटली. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळत होते, पाच वर्षं राहून कसले की मालकीचे. १८७७ च्याच सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसांचा पहिला मोठा जथा आला. समोर झाड नाही, घर नाही; काही जण तसेच माघारी फिरले.

पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण प्रसिद्ध आहे. एलिस स्टेशनपासून दोन दिवस घोडागाडीनं आल्यावर बरोबरची माणसं ओरडली, आलं निकोडीमस! या बघताहेत, तर कुठे काहीच नाही. ‘कुठंय?’ म्हणून विचारलं, तर नवऱ्यानं जमिनीतून निघणाऱ्या धुराच्या रेघांकडे बोट दाखवलं. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. बाईंना रडू कोसळलं.

आता ‘वाडी’ घेऊ. वाडी कुणाची तरी असते; मूळ गाव असतं आणि त्याची ही वाडी. निकोडीमसला असं मूळ गाव नव्हतंच. पाडा, तांडा, पोड हे शब्द आपल्याकडच्या विशिष्ट लोकांशी इतके जोडले गेलेत की ‘तांडा’ म्हटलं की वाचक थेट बंजाऱ्यांकडे जाणार. उरली वस्ती. शब्द म्हणून मला तो आवडतो. ‘वस्तीची एसटी’ म्हणताना त्यात रात्रीच्या मुक्कामाची ऊब आहे. पण वाचक ‘कृष्णवर्णीयांची वस्ती’ वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल? मोठ्या गावाच्या कडेला, गावकुसाबाहेर ठेवलेली घरं. आणि केंटकीतून उठून इतक्या लांब यायचं कारणच हे, की दुसऱ्याच्या गावाची कड नको, गाव स्वतःचं हवं. तिथे शाळा झाली, चर्चं झाली, हॉटेलं झाली, १८८० च्या दशकात दोन वर्तमानपत्रंही निघाली. इथलाच एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये अख्ख्या राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. याला वस्ती म्हणायला माझा हात धजत नाही.

घोस्ट टाउनचं ‘भुतांचं गाव’ करू नका, वाचक भुतं शोधत बसेल. ओसाड, उजाड आहेतच. त्याहून नेमका शब्द आपल्या महसुली दप्तरात आहे: बेचिराग. फारसीत चिराग म्हणजे दिवा, म्हणून बेचिराग गाव म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. शिवार आहे, सातबारा आहे, फक्त राहायला कुणी नाही. आपण बोलताना त्याचं ‘बेचिराख’ केलं, मग त्यात राख ऐकू यायला लागली आणि शहरं बॉम्बनं बेचिराख व्हायला लागली. गंमत म्हणजे मूळ शब्दात आग नाहीच, उलट विझलेला दिवा आहे. प्रेअरीतली कितीतरी गावं आगीत गेली नाहीत, अशीच एकेक दिवा विझत गेली. त्यांना हा शब्द फिट्ट बसतो.

पण निकोडीमसला नाही. तिथे रेल्वे येणार म्हणून लोकांनी १६ हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते. १८८८ मध्ये रुळ पडले ते नदीच्या पलीकडून, काही मैलांवर बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं, आणि दुकानदार नुसतं सामान नाही, काही इमारतीसुद्धा उचलून तिकडे गेले. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं. तरी आज थोडी घरं नांदती आहेत, आणि १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. दिवा बारीक आहे, पण लागतो. बेचिराग म्हणू नका.

तुमच्या मसुद्यातले आणखी काही शब्द. ‘टाउनशिप’ तसाच ठेवलात तर पुण्यातला वाचक स्विमिंग पूल शोधेल. तिथे तो सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा जमिनीच्या मोजणीचा चौकोन असतो. कॅन्ससमध्ये त्याच नावाचं स्थानिक कारभाराचं एककही आहे. एका ओळीत हे सांगून टाका. ‘डगआउट’ला तुम्ही भुयार म्हटलंय, पण भुयार कुठेतरी जातं. मला आधी पेव सुचलं होतं, पण पेवात धान्य ठेवतात, माणसं नाही. सरळ ‘उतारात खणलेलं घर’ लिहा. ‘माळरान’ही काढा. माळ म्हटला की आपल्याला मुरूम आणि कुसळं दिसतात. प्रेअरीची माती खोल आणि कसदार, म्हणून तर सगळे तिकडे धावले. प्रेअरी हा शब्द भूगोलाच्या पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक आहे, तोच राहू द्या. आणि ते ‘जनावरांच्या विष्ठेचे वाळलेले तुकडे’ चुलीत जाळायचे, असं जे लिहिलंय ना, त्याला आपल्याकडे रानशेणी म्हणतात हो! न थापता रानातच पडून वाळलेलं शेण. एका शब्दात काम झालं.

गावाचं नाव ‘निकोडीमस’च ठेवा. मराठी बायबलमधला ‘निकदेम’ मोहात पाडतो, पण नकाशावर कुणाला सापडणार नाही.

शेवटचं ‘होमकमिंग’. गुलामगिरीतून सुटकेचा हा उत्सव तिथे १८७८ पासून चालत आलाय, हल्ली जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. डेन्व्हर-बिन्व्हरकडे पांगलेली जुन्या घराण्यांची नातवंडं-पतवंडं तेव्हा परत येतात. तुम्ही त्याला ‘स्नेहसंमेलन’ म्हटलंय, ते शाळेचं वाटतं. ‘जुलैअखेरीस सगळे गावी येतात’ एवढंच लिहा.