‘विसर्जनात्मक भूदृश्य’ नको, सरळ रान म्हणा

प्रश्न आलाय तो असा : ‘ओपन-वर्ल्ड फँटसी गेममधली भूमी गेल्या चाळीसेक वर्षांत कशी बदलत गेली, यावर लेख लिहितोय. ‘इमर्सिव्ह लँडस्केप’ला ‘विसर्जनात्मक भूदृश्य’ आणि ‘ओपन वर्ल्ड’ला ‘मुक्त विश्व’ चालेल का?’

नाही चालणार.

‘विसर्जन’ आधी निकालात काढतो, कारण हा प्रकार आता वारंवार कानावर येतोय. इंग्रजी वर्तमानपत्रं गणपती विसर्जनाला ‘इमर्शन’ म्हणतात, म्हणून कुणीतरी गणित उलटं मांडलं. विसर्जन म्हणजे बुडवणं नव्हे. सोडणं, निरोप देणं. सभा विसर्जित होते तेव्हा सभासद पाण्यात जात नाहीत. खेळणाऱ्याला आत ओढून घेणाऱ्या गोष्टीला निरोपाचा शब्द लावायचा, म्हणजे कमाल आहे. ‘भूदृश्य’ भूगोलाच्या पुस्तकात शोभतं, पण ते लांबून बघायचं असतं. त्यात कुणी शिरत नाही.

आणि ‘मुक्त विश्व’ कशाला? मराठीत ‘मोकळं रान’ आयतं पडलंय. वाटेल तिकडे हुंदडा, अडवणारं कुणी नाही. ओपन वर्ल्ड म्हणजे आणखी काय असतं?

आता या ‘रान’ची खरी गंमत. अरण्य, त्याचं प्राकृतात रण्ण, त्याचं आपलं रान. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात सुरुवातीचा ‘अ’ गळण्याचं एक सूत्र फक्त दोन शब्दांसाठी केलंय : एक अरण्य, दुसरा अलाबु, म्हणजे भोपळा! पण अरण्य तरी कुठून आलं? ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा. अरण्य म्हणजे झाडी नव्हे. गावाची वेस ओलांडल्यावर लागणारा परका मुलूख. वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने दोन व्युत्पत्त्या दिल्यात. ‘गावापासून दूर गेलेलं’ ही पहिली, तिच्याशी भांडण नाही. दुसरी ‘अरमण’, जिथे मन रमत नाही ते. आचार्यांची क्षमा मागून सांगतो, ही नुसती अक्षरांची ओढाताण आहे. रात्री तीनपर्यंत स्कायरिम नावाचा असाच मोकळ्या रानाचा गेम खेळणारा भाचा माझ्या घरात आहे. मन रमत नाही म्हणे!

आणि मराठीने काय केलं पाहा. शेतकरी ‘रानात गेलाय’ म्हणजे स्वतःच्या शेतात गेलाय. ‘आमचं रान’ म्हणजे आमची जमीन. परकं होतं ते पायाखालचं झालं. गेमचीही तीच वाट आहे. १९८६च्या ‘झेल्डा’ मालिकेतल्या पहिल्या गेममध्ये उघड्यावरचा सगळा मुलूख १२८ पडद्यांचा. तो रचणारा मियामोतो लहानपणी जपानात क्योतोजवळच्या सोनोबेच्या डोंगरांत, गुहांत भटकला, ते त्यात उतरलं. १९९६च्या डॅगरफॉल या गेमने संगणकाकडून प्रचंड मुलूख पाडून घेतला, गावं-तळघरं मिळून पंधरा हजारांवर ठिकाणं! पण एक गाव दुसऱ्यासारखंच. ते शेवटपर्यंत अरण. पुढे २००२ला त्याच मालिकेतला मॉरोविंड आला. मुलूख त्यामानाने चिमुकला, पण हाताने रचलेला. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही. गावातलं माणूस सांगणार, पूल ओलांडा, मग डावीकडची पायवाट धरा. कधी चुकीचंही सांगणार! समोर धुकं. चार वेळा चुकलं की ते रान आपलं होतं.

मग ‘इमर्सिव्ह’? त्यालाही रानातच शब्द आहे : रानभूल. रानात एखादी वेल ओलांडली की दिशा फिरतात, ओळखीची वाट सापडत नाही, अशी जुनी समजूत. झेल्डा मालिकेतल्याच २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ही वेल चक्क मुद्दाम पेरलेली आहे. डोंगर-टेकड्यांना त्रिकोणी आकार द्यायचा, म्हणजे समोरचा चढ तरी चढा नाहीतर वळसा घाला; दोन्हीकडे मागचं काहीतरी हळूहळू डोकावणार. ही युक्ती तो गेम काढणाऱ्या निंटेंडो कंपनीच्या मंडळींनी स्वतःच सांगितली आहे. भाचा त्यात देवळाकडे म्हणून निघाला आणि तासाभराने तळ्याकाठी मासे पकडत होता. देऊळ कुठे राहिलं, त्याला आठवेना. याला तुम्ही विसर्जन म्हणणार?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अरण्यानीचं सूक्त आहे. संध्याकाळी रानात थांबलेल्याला वाटतं, गाड्या करकरताहेत, कुणीतरी ओरडलं. एखादं घर दिसल्याचा भास होतो, बाकी बहुतेक सगळं कानांनी. आताचे गेम करणारे नुसत्या वाऱ्याच्या आवाजावर एवढे कष्ट का घेतात, ते या सूक्तात कळतं.

एक मात्र सांगून ठेवतो. कच्छचं ‘रण’ याच अरण्यातून आलं असं काही विद्वान छातीठोक सांगतात. मला ते पटत नाही. मला ते ‘इरिण’ वाटतं, म्हणजे खारी ओसाड जमीन. पेरिप्लस या जुन्या ग्रीक समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तिकडच्या आखाताला ‘एरिनॉन’ म्हटलंय, तो धागा मला जास्त पटतो. गेममधल्या वाळवंटाला रण म्हणा, हरकत नाही. फक्त रानाशी त्याचं नातं जोडू नका.

हां, तुमचा प्रश्न. ओपन वर्ल्डला मोकळं रान, लँडस्केपला रान, इमर्सिव्हला रानभूल पाडणारं. समुद्र आला तर परत विचारा.