मायच्या डायलिसिसचं कसं करावं?

प्रश्न: भाऊ, आमच्या इकडचा धर्मादाय दवाखाना म्हणे कंपनीले चालवाले देणार हाय. मायचं डायलिसिस तिथंच हाय, कसं करावं? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर: दादा, ट्रस्ट धर्मादाय राहिला तर चालवणारा बदलला तरी सार्वजनिक ट्रस्ट कायद्यातलं कलम ४१ कक (गरिबांसाठी खाटा राखायची अट) सुटत नाही. १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, शिवाय दवाखान्याच्या एकूण बिलातले २ टक्के निर्धन रुग्णांच्या फंडात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नाहीतर रेशनकार्ड खिशात ठेवा, काउंटरवाला 'बेड फुल्ल' म्हणाला की लेखी मागा (लगेच नरमतात!) आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार टाका. मला खरी काळजी वेगळीच वाटते, कंपनी आल्यावर गरीब पेशंट यायचे बंद होऊन जनरल वॉर्ड रिकामा झाला तर इंटर्न अन् नर्सिंगच्या पोरी सलाईनची शीर शोधायला शिकणार कोणाच्या हातावर?