एल्डरबेरीच्या बाटल्यांवर दोन वेगवेगळी शास्त्रीय नावे का आढळतात?

दादरच्या एका औषधांच्या दुकानात आपण एल्डरबेरीची (साम्बुकस या वनस्पतीच्या लहान काळसर फळांची) दोन सिरपे पाहिलीत, एकावर ‘साम्बुकस नायग्रा’ आणि दुसऱ्यावर ‘साम्बुकस कॅनडेन्सिस’ असे छापलेले होते, आणि त्यांपैकी एक बनावट असावे का, अशी आपली शंका आहे. केवळ नावावरून तसे म्हणता येणार नाही.

वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली एकाच ग्रंथात युरोपातील झाडाला पहिले आणि उत्तर अमेरिकेतील झुडपाला दुसरे नाव दिले. १९९४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड बॉली यांनी संपूर्ण साम्बुकस प्रजातीची (म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींच्या गटाची) फेरतपासणी करून जातींची संख्या बरीच कमी केली आणि अमेरिकन झुडपाला नायग्राची उपजाती ठरवले. त्यामुळे एकच वनस्पती कोणी ‘साम्बुकस कॅनडेन्सिस’ म्हणून, तर कोणी ‘साम्बुकस नायग्रा उपजाती कॅनडेन्सिस’ म्हणून नोंदवतो, आणि नामकरणाच्या नियमांनुसार दोन्ही नावे ग्राह्य आहेत. कोणते वापरायचे हे जातीची मर्यादा आपण कुठे आखतो यावर ठरते. अमेरिकेतील पश्चिमेकडची निळसर फळांची एल्डरबेरीही याच वादात सापडली आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझा कल या दोन्ही जाती वेगळ्या ठेवण्याकडे आहे. दोघींचा फुलोरा सपाट, फळे काळसर आणि फांदीतील भेंड (आतला मऊ गाभा) पांढरा असतो, हे खरे. मात्र युरोपीय वनस्पती बरेचदा लहान वृक्षाएवढी वाढते आणि तिची जुनी साल बुचासारखी जाड व भेगाळलेली होते, तर अमेरिकन वनस्पती जमिनीखालून फुटवे काढत झुडूपच राहते. लाल फळांची, निमुळत्या फुलोऱ्याची साम्बुकस रॅसिमोसा वेगळी ओळखायला मात्र फारसे कष्ट पडत नाहीत.

या प्रजातीचे कुल, म्हणजे जवळच्या प्रजातींचा मोठा गट, कोणते याबाबतही जुन्या-नव्या पुस्तकांत मेळ नाही. पूर्वी ही प्रजाती हनीसकलच्या कॅप्रिफोलिएसी कुलात होती, नंतर ती अडॉक्सेसीत गेली, आणि आता त्याच कुलाला व्हायबर्नेसी म्हणतात. त्यातील व्हायबर्नमच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतही वाढतात.

बाटली घेताना ‘नायग्रा’ या शब्दापुढे उपजातीचे नाव आहे का, हे पाहावे. ते नसेल आणि माल अमेरिकेत पिकवलेल्या फळांचा असेल, तर आत नेमके कोणते फळ आहे ते उत्पादकालाच विचारावे लागेल.