एकच लेन्स गळ्यात टाकून निघायचंय, कोणती घेऊ?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. महिन्यातून एखादा गड, सीझनला कास आणि वर्षातून एकदा मुलीच्या शाळेचं गॅदरिंग. लेन्स बदलायचा जाम कंटाळा येतो, शिवाय हल्ली आकाशाच्या फोटोत काळपट ठिपके दिसायला लागलेत. दोन्ही विकून टॅमरॉनची १८-४०० घेऊन टाकू का? मित्र म्हणतो सिग्माची १७-५० एफ २.८ घे. डोकं चालेनासं झालंय.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ते ठिपके. ते लेन्सवर नाहीत, सेन्सरवर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चकती) बसलेली धूळ आहे ती, गडावर वाऱ्यात उभं राहून लेन्स बदलली की हे होणारच. एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त), कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढा, सगळे डाग ठळक दिसतील. रबरी ब्लोअर आणा, मेनूतून मिरर वर करा, कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि हवा मारा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडाली की डाग चिकटतो आणि मग खर्च वाढतो.

आता लेन्स. पैसे काढायच्या आधी लॅपटॉपवर एक काम करा, मागच्या दोन वर्षांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाका, विंडोजमध्ये डिटेल्स व्ह्यू लावून वरच्या पट्टीवर राइट क्लिक करा आणि फोकल लेंग्थचा (लेन्सवरचे १८, ५५ हे मिलिमीटरचे आकडे) कॉलम जोडून त्याच्यावर सॉर्ट करा. कुठल्या आकड्यावर किती फोटो आहेत ते समोरच येतं. मी माझं हे केलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं, कारण २०० च्या पुढे जे काही होतं त्यात निम्म्याहून जास्त तारेवर बसलेला एकच खंड्या होता, तोही धूसर. तुमचं पण १८ ते १३५ मध्येच बहुतेक सगळं निघेल असं मला वाटतं, आणि तसं निघालं तर कॅननचीच १८-१३५ घ्या, एसटीएम किंवा यूएसएम (ही फोकस मोटरच्या प्रकारांची नावं) कुठलीही. तुमचा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, त्याचा १.६ चा हिशोब लावला तर ती साधारण २९ ते २१६ होते, म्हणजे बुरुजावरून अख्खी दरी पण येते आणि समोरच्या माचीवरचा माणूस पण बऱ्यापैकी जवळ येतो.

१८-४०० वाईट नाही, पण वजन सातशे ग्रॅमच्या वर आणि तुमची बॉडी बॅटरीसकट ४७५ ग्रॅम, म्हणजे कॅमेरा लेन्सला लटकल्यासारखा होणार. त्यात टोकाला एफ ६.३, संध्याकाळ झाली की फोकस शोधत बसते. पक्षी हाच तुमचा नाद असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रात तुम्ही पक्ष्याचं नावही काढलेलं नाही.

एक खरं सांगतो, १८-१३५ घेऊन वजन फारसं वाचणार नाही हं. तुमच्या दोन्ही किट लेन्स मिळून सहाशेच्या आतबाहेर भरतात आणि ही एकटीच पाचशेच्या आसपास आहे. वाचतो तो लेन्स बदलायचा व्याप आणि धूळ. आणि १८-५५ विकू नका, विकून मिळणार ते किती! ती पाव मीटरवरून फोकस करते, १८-१३५ ला ३९ सेंटीमीटर लांब राहावं लागतं, त्यामुळे कासची नखाएवढी फुलं भरून घ्यायला जुनीच बरी पडते.

राहिलं गॅदरिंग, आणि इथे तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. भाचीच्या लेझीमचे फोटो मी एकदा शेवटच्या रांगेतून काढले होते, एफ ५.६, शटर १/६० सेकंद, स्टॅबिलायझर चालू. मागचा पडदा कडक शार्प, तोरणाची पानं मोजून घ्या, आणि पोरींचे हात म्हणजे नुसता फराटा. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, नाचणाऱ्याला थांबवत नाही, त्याला १/२५० तरी शटर लागतं आणि तेवढा उजेड लागतो. एफ २.८ ला एफ ५.६ च्या चौपट उजेड येतो म्हणून १७-५० तिथे कामाची, फक्त ५० वर झूम संपते त्यामुळे पुढच्या रांगेत जागा धरावी लागेल. वर्षातल्या एका संध्याकाळसाठी मी तरी ती घेणार नाही, ५० एमएम एफ १.८ घेईन. स्वस्त, १६० ग्रॅमची, खिशात मावते.

सेकंडहँड बघणार असाल तर लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसरीकडून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती फंगस, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, किंमत कितीही पाडून दिली तरी उठून या. लेन्स खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप सरकते का तेही बघा, थोडी सरकली तर चालतं. पुढेमागे कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) आर५० वगैरे घेतलात तरी अडॅप्टर लावून हीच १८-१३५ चालेल.

प्रश्न : क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) फुलफ्रेमची २४-१०५ एल लावली तर? एकजण चांगल्या भावात देतोय.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बसेल, चालेल, फोटोही झकास येतील. पण तुमच्या कॅननवर २४ चे ३८ होतात, घरातल्या गणपतीसमोर आरतीला उभी असलेली माणसं फ्रेममध्ये बसवायला तुम्हाला भिंतीत शिरावं लागेल. जवळ १८-५५ असेल तर खुशाल घ्या, ही एकटीच लेन्स असणार असेल तर नको.

प्रश्न : निकॉन डी३५०० ला काकांची जुनी एएफ-डी लेन्स लावली, फोकसच होत नाही. बिघडलीय का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : लेन्स ठणठणीत असणार. तिच्यात मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते आणि डी३५०० च्या बॉडीत मोटरच नाही. हाताने रिंग फिरवा, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की क्लिक करा.