'श्रींची इच्छा' आणि 'देउस वुल्ट' : चिऊला पत्र

प्रिय चिऊ,

रविवारी शिवजयंतीच्या कार्यक्रमाहून येताना तू मागच्या सीटवरून विचारलंस, "आई, स्टेजमागच्या फ्लेक्सवर 'हे राज्य व्हावे ही तो श्रींची इच्छा' होतं, म्हणजे देवाची इच्छा ना? मग ते आणि आमच्या हिस्टरीतलं 'देउस वुल्ट' सेमच झालं की. आपलं पण होली वॉरच होतं का?" आणि मी काय केलं, तर बाबांना म्हटलं पुढे ब्लिट्झर, स्पीडचा कॅमेरा, आहे बघ, हळू घे. खरं म्हणजे उत्तर सुचलं नव्हतं. दोन दिवस भांडी लावताना पण तेच डोक्यात, म्हणून लिहून काढतेय, बोलायला गेले की तू "ओके ओके" करून उठतेस.

आधी तुमच्या पुस्तकातलं, म्हणजे पहिलं क्रूसेड घेऊ. नोव्हेंबर 1095, फ्रान्समधलं क्लेरमाँ, पोप दुसरा अर्बन मुसलमानांच्या ताब्यातलं जेरुसलेम सोडवायला चला म्हणून भाषण देतो. ते भाषण नंतर तीन-चार जणांनी लिहून काढलं आणि प्रत्येकाचं वेगळं, 'देउस वुल्ट', म्हणजे लॅटिनमध्ये 'देवाची इच्छा आहे', ही आरोळी त्यातल्या एकाच्या लिखाणात आहे. पण त्या सभेतला एक ठराव टिकलाय, की जो कोणी मानासाठी किंवा पैशासाठी नाही तर फक्त भक्तीपोटी जेरुसलेमला जाईल, त्याचा तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल.

सगळी गोम इथेच आहे असं मला वाटतं. तेव्हाच्या सरदाराचा धंदाच मारामारीचा, आणि चर्च सांगायचं की माणूस मारणं पाप. नुसतं सांगायचंच नाही, हिशोब ठेवायचं. 1066 ला हेस्टिंग्जची लढाई झाली ना, इंग्लंडवाली, ती जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना बिशपांनी प्रायश्चित्त लावलं, मारलेल्या दर माणसामागे एक वर्ष! जिंकून आलेल्यांना! आता विचार कर, आयुष्यभर असं खातं वाढत चाललेला माणूस, रात्री झोप लागत नाही, मेल्यावर काय होईल म्हणून पोटात गोळा, आणि तीसच वर्षांनी त्याला खुद्द पोप सांगतो की बाबा रे तुला मठात जाऊन बसायला नको, तलवार पण ठेवायला नको, फक्त या बाजूला चल. ज्या तलवारीने पाप साठलं तिच्यानेच ते फिटणार. कोण नाही म्हणेल गं? पोपला पण ते सोयीचंच होतं, सरदार आपसात लढून गावं जाळत होते ते बाहेर गेले तर बरंच, आणि पूर्वेकडच्या बायझंटाइन या ख्रिस्ती साम्राज्याचा सम्राट अलेक्सिओस मदत मागतच होता.

तुमचे सर म्हणाले ना सगळे लुटीसाठी गेले, मला ते अर्धंच पटतं. जायला प्रचंड खर्च यायचा. नॉर्मंडीच्या ड्यूक रॉबर्टने आख्खी नॉर्मंडी भावाकडे 10,000 मार्क चांदीला गहाण टाकली तेव्हा तो निघू शकला. नुसत्या लुटीच्या आशेवर कोणी घरदार गहाण टाकत नाही, त्याला आतून काहीतरी पोखरत असावं लागतं. गरीब लोक तर पीटर नावाच्या एका साधूच्या मागे निघाले, त्याच्या खेचराचे केस उपटून प्रसादासारखे जपून ठेवायचे म्हणे. एक टोळी एका हंसिणीच्या मागे चालली होती, तिच्यात पवित्र आत्मा आलाय म्हणून. हसू नकोस, आपल्याकडे पण गणपती दूध प्यायला होता 1995 साली आणि तुझी आई चमचा घेऊन रांगेत होती.

पण चिऊ, पुढचं हसण्यासारखं नाहीये. आपण शनिवारी जिथे डोमसमोर, त्या मोठ्या चर्चसमोर, भाजी घेतो त्याच आपल्या जर्मनीतल्या माइन्झमध्ये मे 1096 मध्ये जेरुसलेमला निघालेली काउंट एमिखोची फौज आली. त्यांचं म्हणणं असं, की देवाचे शत्रू मारायला एवढ्या लांब चाललोय, मग इथे शेजारीच राहतात त्या ज्यूंना का सोडायचं? आर्चबिशपने आसरा देतो म्हणून सांगितलं होतं, पण गावातल्याच लोकांनी वेशीचे दरवाजे उघडले. हजाराच्या आसपास माणसं जिवानिशी गेली. ज्यूंनी काय केलं होतं? काही नाही. आणि तो एमिखो जेरुसलेमला पोचलाच नाही, हंगेरीच्या वेशीवरच त्याची फौज फुटली.

आता आपल्याकडे. तू पकडलंस ते बरोबर आहे, शब्द खरंच सेम आहेत, आणि 'हर हर महादेव' पण देवाचंच नाव आहे. सभासदाची बखर, म्हणजे महाराज गेल्यावर सतराएक वर्षांनी लिहिलेली, तिच्यात अफझलखानाच्या वेळी भवानी स्वप्नात येते. म्हणजे देव मधे नव्हताच असं मी तुला सांगणार नाही. पण त्याच बखरीत मिर्झाराजे जयसिंग महाराजांवर चालून येतो तेव्हा यश मिळावं म्हणून कोटिचंडीचं अनुष्ठान बसवतो! औरंगजेबाचा सेनापती, रजपूत, आणि देवीला साकडं घालतोय शिवाजीविरुद्ध. देवी बिचारी कोणाचं ऐकणार? इकडे महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान सरदार. आणि खाफीखान, जो मोगलांचा इतिहासकार आणि महाराजांना शिव्या घालायची एक संधी सोडत नाही, तो पण लिहितो की लुटीला गेल्यावर मशिदीला, कुराणाला आणि बायकांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. म्हणून मी म्हणेन की नाही, ते होली वॉर नव्हतं, ते राज्यासाठीचं होतं आणि देवाचा आशीर्वाद मागितलेला होता. लढायला चला की सगळं प्रायश्चित्त फिटलं अशी स्कीम कोणी काढली नव्हती.

असं लिहून मी काल लॅपटॉप बंद केला, छान वाटलं, आणि मग आपल्या गावची वीरगळ आठवली. महादेवाच्या देवळाबाहेर चिंचेखाली तो उभा दगड, ज्याच्यावर तू दोन वर्षांपूर्वी पाण्याची बाटली ठेवलीस आणि आजोबा ओरडले तो. त्याच्यावर खालून वर बघत जायचं असतं. खाली लढाई आणि पडलेला वीर, बाजूला गाई, म्हणजे गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना गेला, मग मधे अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतायत, आणि सगळ्यात वर तो हात जोडून पिंडीसमोर बसलाय. महाराजांच्या किती शतकं आधीपासूनचे असे दगड महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आणि गीतेत कृष्ण अर्जुनाला सांगतोच ना, मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वी भोगशील. म्हणजे स्वर्गाचं तिकीट आपल्याकडे पण होतं. मी तुला 'आपलं वेगळं' म्हणून सांगत होते ते तेवढं वेगळं नाही निघालं. एवढंच की त्या दगडावरच्या माणसाला समोरचा कुठल्या देवाचा हे विचारायचं कारण नव्हतं, त्याच्या गाई चालल्या होत्या.

की मी परत आपलीच बाजू घेतेय? असेल. तू मोठी झालीस की भांड माझ्याशी.

आणि हो, आजोबांना रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या वीरगळीचं विचार. गावात तिला रोज शेंदूर कोण लावतं ते पण विचार. फक्त त्यांच्या जेवणाच्या वेळेला नको, एकदा सुरू झाले की तासभर थांबत नाहीत आणि आजी माझ्यावर वैतागते.

तुझी
आई