एकच गाणं गाजलेल्या गायकाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न विट्याहून आला आहे. गावच्या यात्रेची स्मरणिका निघते आहे आणि तीत एका जुन्या लोकगायकावर लेख जायचा आहे. कॅसेटच्या काळात त्यांचं एक गाणं खानापूर-आटपाडीपासून पार कराडपर्यंत वाजलं. पुढेही त्यांनी गाणी केली, पण ती चालली नाहीत. आता वय झालंय, तरी यात्रेत त्यांना स्टेजवर बोलावतात आणि लोक तेच गाणं मागतात. लेख लिहिणाऱ्यानं मसुद्यात 'वन हिट वंडर' असं लिहिलं. मंडळातल्या एकानं 'एकगाणी गायक' सुचवलं, दुसऱ्यानं 'औटघटकेचे राजे'. वाचक विचारतात: "यातलं बरोबर काय? आणि तात्या स्वतः हा लेख वाचणार आहेत. त्यांना लागणार नाही असं काही मराठीत आहे का?"

आहे. पण आधी मसुद्यातल्या इंग्रजी शब्दाकडे बघू.

'हिट' आपल्याकडे कधीच मराठी झालाय. गाणं हिट होतं, पिक्चर सुपरहिट होतो, त्यात परकं काही राहिलेलं नाही. 'वन हिट वंडर' या अख्ख्या शब्दाचं मात्र तसं नाही. त्याचा अर्थ याद्यांवर उभा आहे. अमेरिकेत 'बिलबोर्ड'ची 'हॉट हंड्रेड' ही दर आठवड्याची यादी १९५८ पासून निघते. तिच्या पहिल्या चाळीसात ज्याचं एकच गाणं आलं, त्याला तिकडे साधारणपणे हे नाव मिळतं. म्हणजे तो त्या यादीचा आणि त्या देशाचा हिशेब झाला. जपानचा क्यू साकामोटो घ्या. १९६३ साली त्याचं जपानी गाणं अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. मूळ गाण्याचा अर्थ साधारण असा, की डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून मी वर बघत चालतो. तिकडच्या लोकांना जपानी नाव उच्चारायला अवघड, म्हणून गाण्याला 'सुकियाकी' हे नाव देऊन टाकलं. ते एका जपानी पदार्थाचं नाव आहे आणि गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेच्या लेखी साकामोटो एका गाण्याचा, पण मायदेशात तो मोठा लोकप्रिय गायक होता आणि त्याची कितीतरी गाणी गाजली होती. 'माकारेना'वाले लोस देल रिओ तसेच. १९९६ साली ते गाणं त्याच यादीत चौदा आठवडे अव्वल राहिलं, तेव्हा स्पेनमध्ये ही जोडी तीसेक वर्षं गात होती.

आपल्याकडे हिंदी गाण्यांना १९५२ पासून रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेच्या 'पायदाना', म्हणजे क्रमवारीच्या पायऱ्या, होत्या. मराठी गाण्याला तशी शिडी कधी मिळाली नाही. आकाशवाणीवर 'आपली आवड' असायची. लोक पोस्टकार्डं पाठवायचे, गाण्याआधी गावागावांची नावं वाचली जायची, आणि त्या नावांच्या लांबीवरून गाणं किती चाललंय ते कळायचं. सांगलीला १९६३ साली केंद्र सुरू झाल्यावर आपल्या भागातली गावं त्यात ऐकू येऊ लागली. याच्या जोडीला यात्रा, वराती, बेंजो पार्ट्या आणि पुढे डॉल्बी. मराठी गाणं गाजलं की नाही हे तिथं ठरत आलंय. तात्यांचं गाणं त्या कसोटीला उतरलेलं आहे. त्यांना यादीतून जन्मलेलं नाव लावायचं, तर मुळात ती यादीच आपल्याकडे नाही.

शिवाय 'एकच' हे नेहमी ऐकणाऱ्याच्या हिशेबाचं असतं. रेश्मा आपल्यापैकी बहुतेकांना १९८३ च्या 'लंबी जुदाई'पुरती माहीत, पाकिस्तानात मात्र तिच्या लोकगीतांची मोठी रांग आहे. गायिका मुबारक बेगम आणि संगीतकार स्नेहल भाटकर यांची हिंदी ओळख 'कभी तन्हाइयों में यूँ' या १९६१ च्या गाण्याशी बांधली गेली आहे. पण भाटकरांची भजनं ऐकलेला मराठी माणूस असं कधी म्हणणार नाही. कवितेत आपल्या सातारा जिल्ह्याचंच उदाहरण सापडतं. चाफळचे कवी यशवंत म्हटलं की 'आई म्हणोनि कोणी' आठवते आणि पुष्कळांचं तिथंच थांबतं. त्यांनी 'छत्रपती शिवराय' हे महाकाव्य लिहिलं, १९५० च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांना 'एका कवितेचे कवी' म्हटलं तर त्यातून आपलंच वाचन किती ते कळतं.

आता मंडळाचे दोन शब्द. 'औटघटकेचा राजा' ऐकायला फार छान आहे आणि त्याची मुळंही जुनी आहेत. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतात 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धा. तोच प्राकृतातून झिजत झिजत औट झाला. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पुढे औटकी असायची, साडेतीनचा पाढा. देहाला 'औट हाताचा' म्हणतात तोही हाच. घटका २४ मिनिटांची, तेव्हा औट घटका म्हणजे ८४ मिनिटं. तेवढ्यापुरतं सिंहासन मिळालेला तो औटघटकेचा राजा. हा शब्द वेळ मोजतो. आपला प्रश्न संख्येचा आहे. तात्यांचं गाणं एकच असेल, पण ते आजही मागून घेतलं जातं. ८४ मिनिटांचं माप त्याला लावणं अर्थानंच चुकीचं आहे, अपमानाची गोष्ट तर वेगळीच. 'नव्याचे नऊ दिवस' याच कारणानं बाद.

'एकगाणी' जास्त विचार करण्यासारखा आहे. साचा अस्सल मराठी आहे: एकपात्री, एकखांबी, एकमजली, एकश्लोकी. अडचण 'गाणं' या शब्दाची आहे. मजलाचं अनेकवचन मजले, पानाचं पाने, त्यामुळे 'एकमजली', 'एकपानी' कानाला विशेषणंच वाटतात. गाण्याचं अनेकवचन मात्र 'गाणी'. म्हणून 'एकगाणी' म्हटलं की 'एक गाणी' असं तुटतं आणि वचन चुकल्यासारखं वाटतं. 'एकगीती' केलं तर ही अडचण जाते. एखाद्या अभ्यासलेखात किंवा कोशात तो शब्द चालेल, माझी हरकत नाही. पण यात्रेत गाणं वाजतं, गीत नाही. आणि या दोन्ही शब्दांच्या शेजारी 'एकसुरी' दबा धरून बसलेला आहे. तो कंटाळवाण्याला म्हणतात. घाईत वाचणाऱ्याच्या मनात त्याची सावली पडणार.

मग लोक प्रत्यक्षात काय बोलतात? एसटीच्या स्टँडवर एखाद्या कलावंताला ओळखलं की संवाद असा होतो:

"कोण वो ते?"

"आवं ते न्हाईत का, त्या पोपटाच्या गाण्यावालं!"

पोपट मी नमुन्याला घातलाय, त्या जागी कुठलंही गाणं ठेवा. या बोलण्यात 'फक्त' नाही, 'एकच' नाही. गाणं हीच माणसाची ओळख, आणि ती सांगताना बोलणाऱ्याचा चेहरा खुलतो. ही रीत फार जुनी आहे. संस्कृत रसिकांनी कालिदासाला 'दीपशिखा कालिदास' म्हटलं ते रघुवंशातल्या एका उपमेवरून. माघाला 'घंटामाघ', भारवीला 'आतपत्र भारवी', तेही प्रत्येकी एकेका श्लोकातल्या एका कल्पनेवरून. एवढी मोठी काव्यं लिहिलेल्या माणसांना एका ओळीचं नाव दिलं आणि तो बहुमान समजला गेला.

मराठीत याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण होनाजी बाळा. ही मुळात दोन शाहिरांची जोडी, होनाजी आणि बाळा. पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. पेशवाईच्या काळात त्यांनी लावण्या रचल्या. आज घराघरांत माहीत आहे ती 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही भूपाळी. व्ही. शांताराम यांनी १९५१ साली होनाजीवर चित्रपट काढला तेव्हा त्याचं नाव ठेवलं 'अमर भूपाळी'. अमर कोण, तर भूपाळी. होनाजीची भूमिका करणारे पंडितराव नगरकर यांनी लताबाईंबरोबर ती गायली आणि त्यांचंही नाव बहुतेकांच्या मनात त्याच गाण्याला चिकटलं. एका भूपाळीनं तिघांना नाव दिलं, आणि कुणाही मराठी माणसाला यात उणेपणा दिसत नाही.

शाहिरांना गाणं राहतं आणि नाव जातं याची चांगली कल्पना होती. म्हणून शेवटच्या कडव्यात ते आपली नाममुद्रा ओवायचे. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव घ्या. मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, पण लावणीत ओवलं ते 'पठ्ठे बापूराव', आणि लावणी जिथं गेली तिथं ते नावही गेलं. कॅसेटवाल्या गायकाला ही सोय नव्हती. नाव वेष्टनावर बारीक अक्षरात. कॅसेटची नक्कल निघाली की तेही गेलं. बेंजोवर तर शब्दही नाहीत, नुसती चाल. तात्यांचं गाणं हजारो लोकांना येत असेल आणि गायकाचं नाव त्यातल्या थोड्यांना. म्हणून तुम्ही हा लेख लिहिताय याचं मला मनापासून बरं वाटतं.

आता शब्द. मी 'एका गाण्याचे मानकरी' असं लिहीन.

'मानकरी'तला '-करी' शेतकरी, वारकरी, गावकरी यांतला आहे. गावगाड्यात मानकरी म्हणजे ज्याच्याकडे एखादा ठरावीक मान आहे तो: पालखीचा, काठीचा, पहिल्या नैवेद्याचा. इथं मान बहुधा एकच असतो आणि एकच असल्यानं तो कमी होत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मानाची पहिली सासनकाठी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची. वर्षातून एकदा मिरवण्याचा मान आहे म्हणून पाडळीकरांना कुणी उणं लेखत नाही. उलट वाट करून देतात. मान देणारे लोक असतात, घेणारा नम्रपणे घेतो. गाणं गाजतं तेही असंच, गाणाऱ्याच्या हातात त्यातलं फार थोडं असतं. 'मानकरी'त हे सगळं आधीच आहे, शिवाय वर्तमानपत्रांनी 'पुरस्काराचे मानकरी' लिहून तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा ठेवलाय.

'एका गाण्याचा धनी' असंही काहींना सुचेल. मी टाळेन. आजच्या मराठीत माणूस टीकेचा धनी होतो, रोषाचा धनी होतो, त्यामुळे शब्दाला वाईट वास लागलाय. आणि मालक या मूळ अर्थानं तर ते खरंही नाही. कॅसेटच्या धंद्यात गायकाला रेकॉर्डिंगचे ठरलेले पैसे मिळायचे आणि हक्क कंपनीकडे जायचे. गायकांना रॉयल्टीचा हक्क कायद्यानं स्पष्टपणे मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीनंतर. ज्या गाण्याचा मोबदला मिळाला नाही त्याचा 'धनी' म्हणवून घेणं तात्यांना बोचेल.

'एका गाण्यापुरते गायक' हे निखालस वाईट. 'पुरता' कुंपण घालतो. त्यापलीकडे तुमचं काही नाही असं सुनावतो. एखाद्यावर टीकाच करायची असेल तेव्हा तो हाताशी असू द्या.

सगळ्यात नाजूक जागा मात्र 'च'ची आहे आणि मसुदा तपासताना तीच पाहा. 'एका गाण्याचे मानकरी' आणि 'एकाच गाण्याचे मानकरी' यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात मान ऐकू येतो, दुसऱ्यात राहून गेलेली बाकीची गाणी. पण हाच 'च' गाण्याला लावला तर उलटा गुण देतो: 'त्यांचं ते गाणं गाजलंच.' तेव्हा 'च' गाण्यांच्या संख्येला लावू नका, गाण्याच्या गाजण्याला लावा.

बाकीची गाणी चालली नाहीत हे लपवायचीही गरज नाही. ते साध्या वाक्यात सांगावं, नामात कोंबू नये. इंग्रजी सगळं तीन शब्दांच्या नामात बसवते. मराठीला अशा जागी क्रियापद जास्त मानवतं. मी असं लिहीन: "तात्यांनी पुढंही गाणी केली, ती फारशी चालली नाहीत. पण त्या गाण्यानं आपल्या भागातली एक अख्खी पिढी नाचवली, आणि आजही यात्रेत माईक त्यांच्या हातात गेला की मागणी त्याचीच होते. एका गाण्याचा मान त्यांच्याकडे आहे."

एक पुरवणी. स्मरणिकेत पुढेमागे एखाद्या गायिकेवर लिहायचं झालं तर 'मानकरीण' हे रूप बरोबर आहे, पण आदरानं 'एका गाण्याच्या मानकरी' असं लिहावं. बेंजो पार्टीसाठी 'एका चालीचे मानकरी' म्हणा, कारण तिथं गाजते ती चाल. आणि निवेदकालाही सांगून ठेवा. स्टेजवर बोलावताना घाईघाईत 'वन हिट वंडर' निघून जातं. त्याऐवजी गाण्याची पहिली ओळ उच्चारावी आणि मग तात्यांचं पूर्ण नाव, गावासकट, खणखणीत घ्यावं.