खरा कलाकार कोणाला म्हणायचं, आणि प्रेरणा येते तरी कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात नोकरी करता, चार वर्षं जलरंगात काम करताय, पण गेले सहा महिने ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही. बाकीच्यांची रोज नवी चित्रं दिसतात. ज्याला आतून ऊर्मी येते तोच खरा कलाकार, मला येत नाही म्हणजे मी फार तर कारागीर, कलाकार नव्हेच, असं तुम्ही लिहिलंय.

मला हा निष्कर्ष पटत नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेला समजच चुकीचा आहे. ऊर्मी आधी येते आणि मग चित्र होतं, असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा ती आदल्या चित्रातून उरलेली असते. कालच्या कामात काहीतरी साधलं नाही, नेमकं काय ते तुम्हाला कळलंय आणि पुन्हा करून बघायला हात शिवशिवतोय, यालाच मी प्रेरणा म्हणतो. स्वतःच्या चित्रातली न जमलेली जागा ज्याला बोट ठेवून दाखवता येते आणि जो ती झाकायच्या ऐवजी पुन्हा तिथंच जातो, तो माझ्या लेखी कलाकार. पदवी, प्रदर्शन, विक्री या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांच्यावरून हे ठरत नाही.

हे नुसतं बोलून कळणार नाही. मंडईचं उदाहरण घेऊ.

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईचा मधला मनोरा अष्टकोनी आहे. समोर जरा लांब उभं राहिलं की त्याच्या तीन किंवा चार बाजू एकदम दिसतात. सकाळी एका बाजूवर थेट ऊन असतं. शेजारच्या बाजूवरून ऊन घासून जातं, म्हणून दगडाचा खरबरीतपणा सगळ्यात जास्त तिथं दिसतो. तिसरी बाजू सावलीत, पण काळी नव्हे: खालच्या छपरांवरून आणि जमिनीवरून उसळलेला उजेड तिच्या खालच्या भागात शिरतो आणि तो भाग वरच्यापेक्षा उबदार दिसतो.

शिकणारा काय करतो? दगड राखाडी असतो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तिन्ही बाजू राखाडी रंगवतो. मग मनोरा सपाट दिसायला लागतो, म्हणून कोपऱ्यांवर गडद रेघा मारतो. झालं, मनोऱ्याचा पत्र्याचा डबा होतो. खरं तर कोपऱ्यावर रेघ नसतेच, दोन टोन, म्हणजे फिक्या-गडदपणाच्या दोन पायऱ्या, तिथं एकमेकांना भिडतात इतकंच.

आता हे करायचं कसं. कोरा कागद म्हणजे 1 आणि सगळ्यात गडद म्हणजे 5 अशी पट्टी धरा. उन्हातली बाजू 2, घासून जाणाऱ्या उन्हाची 3, सावलीतली 4 आणि खिडक्यांच्या पोकळ्या 5. पहिला वॉश, म्हणजे पाण्यात कालवून पसरलेला रंगाचा थर, पातळ यलो ऑकरचा (मातकट पिवळा), त्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), तो तिन्ही बाजूंवर सलग. तो पूर्ण वाळू द्या. दुसरा वॉश अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणाचा. हे दोन रंग मिळून जो राखाडी होतो त्यात अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत न काढता मिळतो. तो दुसऱ्या बाजूवर पातळ आणि तिसरीवर दाट लावा. तिसरी बाजू ओली असतानाच तिच्या खालच्या भागात थोडा निव्वळ बर्न्ट सिएना सोडा. पोकळ्या सगळ्यात शेवटी, आणि एकदाच.

इथं जे हमखास बिघडतं ते असं. जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना 4 वाटलेला टोन वाळून साडेतीनवर येतो, म्हणजे शेजारच्या 3 पासून त्याचा फरक निम्मा झाला. मग माणूस वरून पुन्हा एक हात देतो, खालचा थर उखडतो, रंग मळतो. चिखल होतो म्हणतात तो बहुतेक वेळा चुकीच्या रंगांमुळे नसतो, अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरवल्यामुळे असतो. उपाय सोपा आहे. त्याच कागदाची बोटभर पट्टी जवळ ठेवायची, मिश्रण आधी तिच्यावर लावून वाळू द्यायचं आणि ओलं असताना हवं असेल त्यापेक्षा अर्धी पायरी गडद घ्यायचं. वॉश वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे. त्या ओलीवर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि करवतीसारख्या कडेचा डाग पडतो.

एवढं तपशिलात सांगायचं कारण तुमची सहा महिन्यांची मरगळ. 'चित्र बरं झालं नाही' या वाक्यातून काहीही पुढं सुरू होत नाही. 'तिसरी बाजू दुसरीपासून वेगळी झाली नाही, मिश्रणात पाणी जास्त होतं' या वाक्यातून पुढचा रविवार सुरू होतो. म्हणून प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीनं एकच वाक्य लिहा: काय साधलं नाही आणि कशामुळे. पुढच्या बैठकीला तेवढीच एक गोष्ट करायला बसायचं. बाकी चित्र कसंही होऊ दे.

जागाही बदलू नका. फ्रेंच चित्रकार मोनेनं 1892 आणि 1893 साली फ्रान्समधल्या रूआं इथल्या कॅथेड्रलची तिसाहून जास्त चित्रं केली. समोरच्या खोल्यांतून, तीच इमारत, जवळजवळ तीच चौकट. उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा आणि त्या वेळेचा उजेड पुन्हा आला की मागचा कॅनव्हास पुढं घ्यायचा. पुढं 1894 मध्ये स्टुडिओत ती पुरी केली. तीस वेळा एकाच दर्शनी भिंतीपुढे बसणाऱ्याला रोज नवा विषय सुचत होता असं कोण म्हणेल? आदल्या दिवशीचा उजेड हातातून निसटला होता, तोच त्याचा विषय.

गाण्यातले लोक हे आपल्यापेक्षा जास्त जाणतात. पहाटे खर्जाचा रियाज करणारा आज मूड आहे का हे विचारत नाही. तानपुरा जुळवतो, खालचा सा लावतो. आवाज आज कुठं चिकटतोय हे लावल्यावरच कळतं आणि मग तासभर तिथंच काम होतं. चित्रकारांनी, विशेषतः हौशी चित्रकारांनी, ही शिस्त कधी अंगी बाणवलीच नाही असं मला फार वाटतं. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटला वस्तुचित्र आणि स्मरणचित्र ठरल्या वेळात करायची सवय लागते, मग परीक्षा संपते आणि तीही सुटते.

आता तुमच्या बाबतीत खरंच काय झालं असेल ते बघू. 'प्रेरणा गेली' या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं.

पहिलं, थकवा. दिवसभर काम आणि वर ट्रॅफिक, यानंतर रात्री दहाला वॉश टाकायला बसलात तर हात चुकणारच. रात्री चित्र काढूच नका. कागद कापा, बोर्डावर टेप लावा, पॅलेटमधले सुकलेले रंग भरा, रविवारची पिशवी दाराशी ठेवा. सकाळी साडेसहाला फक्त पिशवी उचलायची उरली पाहिजे. सामान शोधण्यात वीस मिनिटं गेली की निम्मे लोक तिथंच बेत रद्द करतात.

दुसरं दुखणं भीती, आणि ती बहुधा कागदाची असते. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. कॉटनचा, म्हणजे कापसाच्या लगद्याचा, कागद महाग, म्हणून लोक सराव साध्या ड्रॉइंगच्या कागदावर करतात आणि 'चांगलं' चित्र महागड्या कागदावर काढायला जातात. दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा. साधा कागद पाणी पडताच फुगतो, वॉश डबक्यांत साचतो, रंग उचलला जात नाही. तिथं लागलेली सवय कॉटनवर उपयोगी पडत नाही, मग चांगला कागद फुकट गेल्याची हळहळ, मग पुढच्या वेळी हात आणखी आखडतो. माणूस दोष स्वतःला देतो, आणि दोष अर्धा कागदाचा असतो. त्यापेक्षा सुरुवातीपासून 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, एकच कागद घ्या. 22 बाय 30 इंचांच्या पूर्ण शीटचे साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे होतात. मागची बाजूही वापरली तर बत्तीस चित्रं. मग एकेका तुकड्याचं दडपण राहत नाही.

आणि पावसाळा. कागदाला कारखान्यात सायझिंग केलेलं असतं, म्हणजे जिलेटिनसारखा चिकट थर दिलेला असतो, म्हणून रंग वर तरंगतो आणि चकाकी टिकते. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडा पडलेला कागद हे सायझिंग गमावतो. वॉश टाकला की जागोजागी ठिपके पडतात, रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो. तुमचे सहा महिने पावसाळ्यापासून मोजायचे असतील तर कपाटातला गठ्ठा आधी तपासा. कोपऱ्यावर साध्या पाण्याचा पट्टा ओढा. पाणी क्षणभर वर चमकत राहिलं तर कागद ठीक. लगेच गडद डाग होऊन आत मुरलं तर त्या कागदावर कोळसा किंवा पेन वापरा, जलरंग नाही. नवा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद ठेवा.

तिसरं दुखणं सगळ्यात अवघड, आणि ते बऱ्यापैकी हात बसलेल्यांनाच होतं: कंटाळा. एक पद्धत जमलेली असते. वाड्याचा दिंडी दरवाजा, जांभळट सावली, कोपऱ्यात सायकल. लोक वाहवा करतात, म्हणून तेच पुन्हा. इथं प्रश्नच उरलेला नसतो, मग ऊर्मी कशातून येणार? स्वतःवर एखादी अडचण लादणं हा एकच उपाय मला माहीत आहे. जांभळा पॅलेटमधून काढून टाका. फक्त दोन रंग आणि 12 नंबरचा एकच गोल ब्रश घ्या. किंवा नुसते माणसांचे घोळके काढा. मंडईत भाजी घेणारी माणसं दोन मिनिटंही एका जागी थांबत नाहीत. डोकं, खांदे आणि पायाशी पडलेली सावली हे तीन फटक्यांत आलं पाहिजे.

हे दुखणं मोबाईल वाढवतो. पडद्यावर फक्त पुरी झालेली चित्रं दिसतात, त्यांच्यामागचे फुकट गेलेले कागद दिसत नाहीत. तीन महिने स्वतःचं काही टाकू नका आणि दुसऱ्यांची चित्रं प्रत्यक्ष बघा. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात जा, पण सगळं प्रदर्शन बघत फिरू नका. एकच जलरंग निवडा. तीन मीटरवरून बघा, मग हातभर अंतरावर या आणि दहा मिनिटं फक्त वॉशचा क्रम ओळखा: आधी काय पडलं, कुठं कागद कोरा सोडला, कोणती कड ओल्यात विरघळली आणि कोणती वाळल्यावर मारली.

कारागीर आणि कलाकार असा भेद तुम्ही प्रश्नात केलाय, तो मला मान्य नाही. कसबा पेठेत तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवरची ठोक्यांची कारागिरी, बघा. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, पुढचा ठोका जास्त पडला तर चीर जाते. म्हणून ते तापवून पुन्हा मऊ करावं लागतं, मग परत ठोके. प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून, सारख्या जोराचा. कुठं थांबून तापवायचं हे हाताला कळणं, यात आणि वॉश कुठं सोडून द्यायचा हे कळण्यात मला काही फरक दिसत नाही.

राहिला प्रश्न रविवारी नेमकं काय करायचं याचा. सात वाजता मंडईपाशी पोचा. पहिली दहा मिनिटं नुसतं बघा. मग 4बी पेन्सिलीनं काड्यापेटीएवढी तीन चौकोनी टिपणं करा, त्यात कोरं, मधलं आणि गडद एवढे तीनच टोन. त्यातलं एक निवडा, पाच-सात मिनिटांत रेखाटन करा आणि साधारण पाऊण तासात चित्र संपवा. जास्त वेळ बसून उपयोग नसतो, कारण समोरचा विषयच बदलतो. सूर्य क्षितिजापासून 15 अंशांवर असतो तेव्हा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळपास पावणेचारपट असते, 30 अंशांवर ती पावणेदोनपट होते, आणि सकाळी हे अंतर काटायला सूर्याला तासभरच लागतो. आठच्या उन्हाची सावली नऊला दुरुस्त करायला गेलात तर चित्रात दोन सूर्य दिसतात. म्हणून सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं सुरुवातीलाच आखून घ्या आणि नंतर समोर काहीही दिसलं तरी त्या हलवू नका.

चित्र वाळलं की उलटं करा आणि मागे ते एक वाक्य लिहा. असे सात रविवार त्याच जागी. मागची वाक्यं वेगवेगळी होत गेली तर काम पुढं चाललंय असं समजा. तेच वाक्य तीनदा आलं तर एखाद्या जाणत्या चित्रकाराला तिन्ही तुकडे दाखवा, आणि त्यानं काही सुचवण्याआधी ती वाक्यं त्याला वाचून दाखवा. सात रविवारांनंतर लिहायला काहीच सुचेना झालं, तर मंडई सोडून ओंकारेश्वराच्या घाटावर जा. तिथं पाण्यातलं प्रतिबिंब आहे, आणि ते वरच्या दगडापेक्षा किती गडद घ्यायचं हे मनोऱ्यानं तुम्हाला शिकवलेलं नसेल.